ज्या कीबोर्डवर 'ऑर्डर' लिहिता येत नाही: स्प्लिट कीबोर्डची मराठी मांडणी आणि धंद्याचा एक धडा



व्हिडिओत आपण दोन तुकड्यांचा कीबोर्ड पाहिला. डावा तुकडा डाव्या हाताखाली, उजवा उजव्या हाताखाली, मध्ये मोकळी जागा. यालाच स्प्लिट कीबोर्ड म्हणतात. हात खांद्यांच्या रुंदीवर राहतात, मनगट वाकडं करावं लागत नाही. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांच्या टेबलावर तो तुम्ही पाहिला असेल. तळवडे, भोसरी, चाकणमध्ये ऑफिसचं काम करणाऱ्यांनाही तो हवा असतो, पण त्यांची गरज वेगळी आहे.

आता एक साधा प्रयोग सांगतो. असा ४२ बटणांचा कीबोर्ड घ्या, विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा आणि 'ऑर्डर' लिहायला बसा. 'ऑ' सापडणार नाही. 'ड'सुद्धा सापडणार नाही. ज्या शब्दावर आपला सगळा धंदा चालतो, तोच शब्द सरळ टाइप होत नाही! कारण ही दोन्ही अक्षरं ज्या बटणांवर बसतात, ती बटणं या छोट्या कीबोर्डवर नाहीतच.

माल चांगला आहे, पण तुमच्या ग्राहकासाठी तो अर्धवट आहे. उरलेलं अर्धं काम जो करून देईल, त्याचा धंदा. आजचा धडा त्या उरलेल्या कामाचा आहे: ते कसं करायचं, किती करायचं आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं.

आधी दोन नकाशे समजून घ्या

बटण दाबलं की कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो. त्या नंबराचं अक्षर कॉम्प्युटर बनवतो. म्हणजे दोन नकाशे झाले.

पहिला नकाशा कीबोर्डच्या आत असतो. कोणत्या बटणाने कोणता नंबर पाठवायचा, हे तो ठरवतो. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. क्यूएमके हे त्यातलं प्रसिद्ध आणि मोफत फर्मवेअर. व्हाया किंवा व्हायल वापरलं तर कोडिंग न करता, स्क्रीनवर क्लिक करून बटणं बदलता येतात.

दुसरा नकाशा विंडोजमध्ये असतो. 'के' चा नंबर आला तर इंग्रजीत 'के', मराठी इनस्क्रिप्टमध्ये 'क'. योगायोगाने इथे जुळलं, पण 'डी' च्या जागी 'द' नाही, तिथे पाय मोडायचं चिन्ह आहे.

हे नीट कळलं नाही तर काय होतं, तेही बघा. यूट्यूब पाहून एखादा उत्साहाने फर्मवेअरमध्ये इंग्रजीची कोलमॅक मांडणी टाकतो. कोलमॅक ही २००६ सालची, क्वर्टीला पर्याय म्हणून आलेली मांडणी. इंग्रजी छान चालतं. मग तो मराठीवर येतो आणि सगळा गोंधळ. कारण 'डी' च्या जागेवरून आता 'एस' चा नंबर जातो. पाय मोडायला जाल तर एकार येईल!

उपाय सोपा आहे. फर्मवेअरमध्ये मराठीसाठी मूळ क्वर्टीचा थर, म्हणजे लेअर, तसाच ठेवा. इंग्रजीसाठी वेगळी मांडणी हवी असेल तर तिचा दुसरा लेअर करा. मराठीच्या लेअरची जागा हलवायची नाही.

इनस्क्रिप्ट आणि स्प्लिट: जोडी मुळात जमते

इनस्क्रिप्ट मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण म्हणून ठरवली. पुढे १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. तिची रचना पाहा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म, न, व एवढी तीन नेहमीची व्यंजनं डावीकडे खालच्या ओळीत आहेत. 'काका' लिहिताना उजवा-डावा-उजवा-डावा असा ठेका पडतो. म्हणजे मांडणी आधीच दोन हातांत वाटलेली आहे. कीबोर्डचे दोन तुकडे केले तरी तिला धक्का लागत नाही.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी.

पहिली अडचण, हरवलेली बटणं. ४२ बटणांच्या प्रकारात आकड्यांची ओळ नसते. ५८ बटणांच्या प्रकारात ती असते. पण नेहमीच्या कीबोर्डवर 'पी' च्या उजवीकडे असणारी चौकोनी कंसाची बटणं बहुधा दोन्हींत नसतात. त्यामुळे ड-ढ, ञ, ॉ-ऑ, ृ-ऋ यांना घर उरत नाही. 'गाडी', 'डॉक्टर', 'कृपया' सगळे अडकले. आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह येणारे ॅ, ज्ञ, त्र, क्ष, श्र हेही ४२ च्या प्रकारात गेले. 'बॅच' आणि 'मॅनेजर' लिहायचं तर ॅ लागणारच.

दुसरी अडचण, शिफ्ट. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांना लागतो. मराठीत तो सारखा लागतो. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ शिफ्टवर. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ शिफ्टवर. ण, ळ, श, ष पण शिफ्टवर. 'आणि' हा आपला रोजचा शब्द घ्या: आ ला शिफ्ट, ण ला शिफ्ट, मग वेलांटी. तीन ठोक्यांत दोन वेळा शिफ्ट!

हे वाक्य मोजून बघा: 'आम्ही उद्या चाकणला माल पाठवू.' पूर्णविराम आणि मोकळ्या जागा सोडून २४ ठोके होतात. त्यात आ, उ, ण, ठ असे ४ वेळा शिफ्ट. हे सगळं काम दोन्ही करंगळ्या करतात. हातातलं सगळ्यात अशक्त बोट आणि त्यावर सगळ्यात जास्त ओझं.

आता मांडणी बसवू

नियम एकच: हाताची सवय शक्य तितकी कमी मोडायची. पाच बदल पुरतात.

१. शिफ्ट अंगठ्यावर. स्प्लिट कीबोर्डवर प्रत्येक अंगठ्याखाली साधारण तीन बटणं असतात. नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही अंगठे मिळून एकच स्पेसबार दाबतात, बाकी वेळ रिकामे. डाव्या अंगठ्याला शिफ्ट द्या. उजव्याला स्पेस, बॅकस्पेस आणि एंटर. ग्राहक स्पेस डाव्या अंगठ्याने मारत असेल तर उलट करा. आधी दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसून बघा, मगच ठरवा.

२. 'ड' ला त्याचं घर परत. बॅकस्पेस अंगठ्यावर गेला की 'पी' च्या शेजारचं कडेचं बटण रिकामं होतं. तिथे डाव्या चौकोनी कंसाचा नंबर टाका. झालं, 'ज' च्या शेजारी 'ड', अगदी जुन्या कीबोर्डसारखा. ग्राहकाला इथे काहीच नवीन शिकावं लागत नाही.

३. करंगळीचे शिफ्ट काढायचे नाहीत, त्यांना दुहेरी काम द्यायचं. क्यूएमकेमध्ये मॉड-टॅप नावाची सोय आहे. बटण दाबून धरलं तर शिफ्ट, नुसती टिचकी मारली तर अक्षर. उजव्या शिफ्टच्या टिचकीवर ॉ (उलट्या तिरक्या रेघेचा नंबर), डाव्या शिफ्टच्या टिचकीवर ृ (बरोबरच्या चिन्हाचा नंबर). 'ऑ' हवा असेल तर अंगठ्याने शिफ्ट धरा आणि उजव्या करंगळीने टिचकी मारा. टिचकी आणि दाब यांच्यातली सीमा क्यूएमकेमध्ये सुरुवातीला २०० मिलिसेकंद असते. वेगवान टायपिस्टला मध्येच नको ती अक्षरं उमटताना दिसली तर हा आकडा बदलून बघा.

४. आकड्यांचा लेअर. डाव्या अंगठ्याच्या दुसऱ्या बटणावर लेअर ठेवा. ते धरलं की उजव्या हाताखाली कॅल्क्युलेटरसारखे आकडे: यू-आय-ओ वर ७-८-९, जे-के-एल वर ४-५-६, त्याखाली १-२-३ आणि स्पेसच्या जागी ०. इथे वरच्या ओळीच्या आकड्यांचे नाही, न्यूमपॅडचे नंबर वापरा आणि नम लॉक चालू ठेवा. मग भाषा मराठी असली तरी आकडे इंग्रजीच येतात. पार्ट नंबर, इनव्हॉइस, ई-वे बिल भरणाऱ्या माणसाला हे सोन्यासारखं आहे. याच लेअरमध्ये डाव्या हाताला ॅ, ज्ञ, त्र, क्ष, श्र, ञ आणि आडवी रेघ बसवा. विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून कोणतं अक्षर शिफ्टसह कुठल्या आकड्यावर आहे ते बघा आणि तोच नंबर शिफ्टसह एका बटणाला द्या.

५. भाषा बदलायचं एकच बटण. विंडोज आणि स्पेस मिळून भाषा बदलते. ही जोडी डाव्या अंगठ्याच्या तिसऱ्या बटणावर टाका. दिवसभर मराठी-इंग्रजी करणाऱ्याला हा बदल सगळ्यात आधी आवडतो.

एवढंच. अक्षरांची एकही जागा आपण हलवली नाही.

मांडणी झाली की ही चाचणी यादी टाइप करून बघा: ऑर्डर, डॉक्टर, कृपया, बॅच, ज्ञान, क्षमता, श्रम, दुसऱ्या, बाळ, आणि. 'दुसऱ्या' मधला ऱ्या हा शिफ्टसह 'जे', मग पाय मोडणे, मग 'य', मग काना असा आला पाहिजे. 'ॲ' कडेही लक्ष द्या. 'अ' वर अर्धचंद्र देऊन केलेला 'ॲ' आणि स्वतंत्र अक्षर म्हणून असलेला 'ॲ' डोळ्यांना सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे आहेत. एका ऑफिसमध्ये दोघांनी दोन पद्धतीने लिहिलं तर सर्च केल्यावर अर्ध्या नोंदी सापडणार नाहीत. ऑफिसची पद्धत कोणती, हे आधी विचारून घ्या.

आता धंद्याचा मुद्दा: सगळ्यात चांगली मांडणी विकू नका

इथे बरेच जण घसरतात. मांडणी करताना इतकी मजा येते, की माणूस ग्राहकाची सगळी अक्षरंच नव्याने मांडायला निघतो. म्हणतो, "ण आणि ळ शिफ्टवर कशाला? त्यांना मधल्या ओळीत आणू." कागदावर बरोबर आहे. पण ग्राहकाच्या खिशाचं गणित वेगळं असतं.

समजा, एक डीटीपी ऑपरेटर पानामागे ४० रुपये घेते आणि रोज २५ पानं करते. रोजचे १,००० रुपये. तुम्ही अक्षरांच्या जागा बदलल्या आणि तिचा वेग निम्म्यावर आला, तर रोज ५०० रुपये बुडाले. आठवड्याच्या सहा कामाच्या दिवसांत ३,००० रुपये. तुमची फी समजा १,५०० रुपये असेल, तरी तिच्यासाठी तुमचा माल ४,५०० रुपयांचा झाला. आणि तुमच्या बिलात न लिहिलेले ते ३,००० रुपये तिच्या घरखर्चातून जातात.

इतिहासही हेच सांगतो. क्वर्टी मांडणी १८७० च्या दशकात टाइपरायटरबरोबर आली. ऑगस्ट ड्व्होराक यांनी १९३६ साली पर्यायी मांडणीचं पेटंट घेतलं. आज दुकानात जाऊन बघा, क्वर्टीच मिळेल. लाखो बोटांत बसलेली सवय कोणी सहज सोडत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बनवला आणि २००९ च्या सुमारास टाइपरायटरचं उत्पादन थांबवलं. मशीन गेलं, पण हात राहिले. मराठी टाइपरायटरवर तयार झालेली मंडळी कॉम्प्युटरवर आली तेव्हा रेमिंग्टन पद्धतीची मांडणी सोबत घेऊन आली. इनस्क्रिप्ट राष्ट्रीय मानक होती, सीडॅकसारखी पुण्यातली संस्था भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानावर काम करत होती, तरी रेमिंग्टन टिकली. कारण ती शिकण्यात लोकांचे महिने गेले होते, परीक्षा दिल्या होत्या, नोकऱ्या लागल्या होत्या.

म्हणून ग्राहकाला पहिला प्रश्न हा विचारा: "तुम्ही कशावर टाइप करता? इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की फोनेटिक?" वर दिलेला नकाशा इनस्क्रिप्टचा आहे. रेमिंग्टनवाल्याची हरवलेली अक्षरं वेगळी असतील, फोनेटिकवाल्याचा तर प्रश्नच वेगळा. पद्धत मात्र तीच: बघा, मोजा, हरवलेलं परत द्या, ओझं अंगठ्यावर टाका, बाकी हात लावू नका.

ग्राहकाच्या हातातली सवय हे त्याचं भांडवल आहे. तुमचा माल त्या भांडवलावर बसला पाहिजे, ते मोडून नाही. कीबोर्डच काय, मसाला विका, सॉफ्टवेअर विका नाहीतर फिक्स्चर विका, हा नियम बदलत नाही.

चाकणची शिस्त इथे वापरा

आपल्या पट्ट्यातल्या व्हेंडरकडे काम केलेल्यांना हे सांगायला नको. फर्स्ट पीस ओके झाल्याशिवाय लॉट चालू करत नाहीत. ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर नसेल तर जॉब मशीनवर चढत नाही. हीच शिस्त इथे आणा.

प्रत्येक ग्राहकाचं एक पान करा. त्यावर त्याची पद्धत, जुना वेग, कोणत्या अंगठ्याने स्पेस मारतो, कोणते पाच शब्द सगळ्यात जास्त लिहितो, हे लिहा. मांडणीची फाइल सेव्ह करा आणि तिला रिव्हिजन नंबर द्या: ०, १, २. आज ग्राहक म्हणाला "हे नको, आधीचं बरं होतं", तर दोन मिनिटांत आधीचं परत टाकता आलं पाहिजे.

चालू करताना पहिला आठवडा रोज एक तास नवीन कीबोर्ड, बाकी दिवस जुना. जुना कीबोर्ड टेबलावरून काढायचा नाही. सातव्या आणि चौदाव्या दिवशी तोच उतारा, तेवढाच वेळ देऊन टाइप करून घ्या आणि वेग व चुका दोन्ही पानावर लिहा. चौदाव्या दिवशी जुना वेग परत आला नसेल तर एकेक बदल मागे घ्या.

एक तांत्रिक सूचना: दोन तुकड्यांना जोडणारी वायर बऱ्याच कीबोर्डमध्ये ऑडिओ जॅकसारखी असते. यूएसबी चालू असताना ती काढू-घालू नका. पिन शॉर्ट होऊन कंट्रोलर जळू शकतो. हे ग्राहकाला लेखी द्या.

आणि एक जबाबदारीची सूचना: "मनगटाचं दुखणं बरं होईल" असं कधीही विकू नका. हात आरामात राहतो, करंगळीचं काम कमी होतं, एवढंच खरं आहे. हाताला मुंग्या येत असतील, दुखत असेल तर त्या माणसाला आधी डॉक्टरकडे पाठवा.

सुरुवात कुठून करायची?

पायरी १: फक्त सेवा. कीबोर्ड ग्राहकाचा, मांडणी तुमची. भांडवल म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि सरावासाठी स्वतःचा एक कीबोर्ड. स्टॉक अडकत नाही. डीटीपीवाले, सेवा केंद्रं, कंपन्यांचे डिस्पॅच आणि स्टोअर विभाग, अनुवादक ही तुमची पहिली यादी.

पायरी २: सुटे भाग. बटणांवर मराठी अक्षरं, कीबोर्ड तिरका ठेवायचे स्टँड, प्लेट. भोसरीपासून चाकणपर्यंत लेझर कटिंग, शीट मेटल, पावडर कोटिंगची कामं करणारे हाताशी आहेत. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचसाठी प्लेट १.५ मिमी जाडीची, खाच १४ मिमी चौरस आणि दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिमी. एवढे आकडे दिले की वर्कशॉपवाला पुढचं बोलतो. आधी एकच नग करून घ्या.

पायरी ३: तयार कीबोर्ड विकणं. इथे घाई नको. २०१२ च्या आदेशापासून वायरलेस कीबोर्ड बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. विक्रीला उतरण्यापूर्वी तुमच्या मालाला काय लागू होतं, हे बीआयएसच्या चालू यादीत बघा आणि जीएसटीचं तुमच्या सीएकडून समजून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती पहिल्याच पायरीवर करून टाका.

बरेच जण पायरी ३ पासून सुरू करतात, कारण ती दिसायला मोठी दिसते. पण मांडणीचं काम केलेल्या दहा ग्राहकांची दहा पानं तुमच्याकडे असतील, तर कोणता कीबोर्ड बनवायचा हे तुम्हाला आपोआप कळेल. ती पानं नसतील तर तुम्ही अंदाजावर पैसे लावताय.

या आठवड्याचा गृहपाठ

रोज मराठी टाइप करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे जा. काही विकू नका. अर्धा तास शेजारी बसा आणि त्याने टाइप केलेली एक ओरिजिनल ओळ घ्या, पत्रातली, बिलातली, कुठलीही. त्यात एकूण ठोके किती, शिफ्ट किती वेळा, आणि ४२ बटणांच्या कीबोर्डवर न सापडणारी अक्षरं किती, हे मोजा. मग त्याला विचारा, "रोज टाइप करताना सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?"

उत्तर बहुतेक वेळा तुमच्या यादीत नसलेलं निघेल. ते जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या भागात आपण त्या एका ओळीवरून कोटेशन कसं बनवायचं ते बघू.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!